बाबांचं पांढरं वरण

फेब्रुवारीत आमच्या घरी सलग तीन आठवडे पांढरं वरण झालं. डाळ नेहमीचीच, तूप नेहमीचंच, वर पिळलेलं लिंबूसुद्धा नेहमीचंच. पण रंग? हॉस्पिटलच्या भिंतीसारखा! कारण बाबांनी हुकूम सोडला होता, ‘आजपासून या घरात हळद बंद.’ आणि या हुकमामागचा गुन्हेगार होते मी.

त्याचं असं झालं. वर्षभरापूर्वी बाबांना दोन स्टेंट बसवले. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. मग त्यांच्या वाढदिवसाला मी मोठ्या प्रेमाने ऑनलाइन एक बाटली मागवली. करक्युमिनच्या साठ कॅप्सूल, साडेबाराशे रुपये. मागे काळी मिरी घातल्याचं ठळक अक्षरांत छापलेलं. रोज दोन. डॉक्टरांना विचारायचं वगैरे माझ्या डोक्यातही आलं नाही. हळदच तर आहे, तिने काय होणार? बाबाही खूश. एक बाटली संपली, मी दुसरी मागवली.

दुसऱ्या बाटलीच्या शेवटी त्यांच्या हातांवर निळे डाग दिसायला लागले. कुठे आपटलं नाही, धडपडले नाहीत, तरी डाग. दात घासताना रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘आणखी काही घेता का?’’ बाबांनी खिशातून बाटली काढली. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि बाटलीवरून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. कॅप्सूलमुळेच झालं असं ते छातीठोकपणे म्हणाले नाहीत. पण रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर एवढं करक्युमिन नको, आजच बंद करा, असं मात्र स्वच्छ सांगितलं. स्वयंपाकातली हळद चालेल, हेही सांगितलं.

डाग गेले. बाबांच्या मनातली भीती गेली नाही. ‘‘कालपर्यंत गोळीसुद्धा चालत होती ना?’’ असा त्यांचा प्रश्न. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मास कॉमची डिग्री अशा वेळी काही कामाची नसते.

आईचा राग वेगळ्याच कारणाने. ती नांदेडची. तिच्या माहेरी, म्हणजे अर्धापूरजवळच्या एका गावात, मावशी आणि काका अजूनही हळद करतात. ‘‘माझ्या माहेरच्या पिकाला या घरात बंदी?’’ म्हणत तिने मावशीला फोन लावला. पलीकडून मावशी ओरडली, ‘‘पोरीला इकडं पाठव. हळद शिजवायलोत आम्ही. येऊन बघ म्हणावं, काय असते ते.’’ फ्रीलान्सर माणसाला रजा मागावी लागत नाही (पगारही मागता येत नाही, तो भाग वेगळा). ठाण्याहून रात्री देवगिरी एक्सप्रेस पकडली आणि सकाळी नांदेडला उतरले.

वास येतो, मग गाव येतं

नांदेड म्हटलं की आपल्याला हुजूर साहिब आठवतं. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचं इथेच निर्वाण झालं. स्टेशनवर पंजाबी आणि मराठी इतकी सरमिसळ ऐकू येते की आपण नक्की कुठे उतरलो असं वाटावं. बॅग खांद्यावर टाकूनच आधी लंगरमध्ये जेवले. दाट डाळ, रोटी, खीर. डाळ पिवळीधमक. बाबांना फोटो पाठवावासा वाटला, पण आवरलं.

अर्धापूर नांदेडपासून वीसेक किलोमीटरवर. हा सगळा पट्टा केळीचा आणि हळदीचा. दोन्ही पिकांना पाणी भरपूर लागतं, दोन्ही जवळजवळ वर्षभर शेत अडवतात, आणि दोन्हीचा भाव ऐनवेळी तोंडघशी पाडतो. काका म्हणतात, ‘‘जुगार खेळायला आमाला क्लबात जायची गरज नाही.’’

जीपमधून उतरायच्या आधी मला वास आला. स्वयंपाकघरातल्या हळदीचा वास नाही हं. ओल्या मातीचा, लाकडाच्या धुराचा, थोडा उकडलेल्या रताळ्याचा आणि वर काहीतरी कडू-तिखट. पुढचे चार दिवस तो माझ्या केसांतून, टी-शर्टमधून, मोबाइलच्या कव्हरमधूनसुद्धा गेला नाही.

मी शहरातली. हळद म्हणजे पुडी, असं माझं जनरल नॉलेज. फार तर लग्नातलं हळकुंड. तर ऐका. अक्षय्य तृतीयेनंतर, मे-जूनमध्ये हळदीचं बेणं लावतात. आठ-नऊ महिने ती जमिनीत असते. जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून वाळली की ती कापून टाकायची आणि गड्डे खणून काढायचे. मग बायका रांगेत बसून मोडणी करतात. मधला जाड गड्डा वेगळा, त्याला फुटलेल्या बोटांसारख्या कांड्या वेगळ्या. बाजारात त्यांचे भावही वेगवेगळे, कांडीचा जास्त, गट्टूचा कमी.

मी मोडणीला बसले. पहिल्या अर्ध्या तासात फोटो काढले, दुसऱ्या अर्ध्या तासात नख मोडलं, तिसऱ्या अर्ध्या तासात पाठ गेली. शेजारची आजी एका लयीत मोडत होती. तिचे तळवे पिवळे नव्हते, जवळजवळ केशरी होते. ‘‘किती दिवसांनी जातो हा रंग?’’ मी विचारलं. ती हसली. ‘‘जायच्या आधी पुढची काढणी येती की.’’ आणि मग सगळ्या बायकांना एकदम सुचलं. ‘‘हळद बघायला आलीस, ते ठीक. हळद लावायला कधी बोलवायलीस?’’ सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची मुलगी हळदीच्या ढिगात बसली की हा प्रश्न येणारच होता. मी मान खाली घालून मोडणी केली. स्पीड वाढला एकदम!

सगळी मेख शिजवण्यात

मला वाटायचं हळद उन्हात वाळवायची आणि दळायची, संपलं. इथे कळलं, ती आधी शिजवावी लागते. कच्ची वाळवली तर ती नीट सुकत नाही, कोंब धरू शकते, रंग आत एकसारखा पसरत नाही. पूर्वी मोठ्या लोखंडी कढयांत, खाली लाकडं पेटवून तासन्‌तास शिजवायचे. आता गावोगाव वाफेचे कुकर फिरतात. चाकांवर बॉयलर आणि त्याला जोडलेले मोठे ड्रम. गाडी शेतात येते, मजूर रात्रभर ड्रम भरतात, उपसतात, पुन्हा भरतात. काम एकदा सुरू झालं की थांबत नाही.

रात्री अकराला मी तिथे उभी होते. चहूकडे अंधार, मध्ये वाफेचा पांढरा ढग, त्यात माणसं नुसत्या सावल्या. शिजली कधी ते काका कसं ओळखतात? वासावरून. आणि एक कांडी उचलून तिच्यात काडी खुपसतात. सहज आरपार गेली की झालं. कमी शिजली तर वाळल्यावर ठिसूळ होते, जास्त शिजली तर रंग मरतो. ‘‘बिर्याणीसारखंच आहे,’’ मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की विचारू नका.

मग वाळवण. शिजलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात पसरायची, खाली-वर करत राहायची. पाच क्विंटल ओली हळद वाळून साधारण एक क्विंटल उरते. म्हणजे शेतात दिसणाऱ्या ढिगातले चार भाग नुसतं पाणी. आणि या पंधरा दिवसांत पाऊस आला की खेळ खल्लास. भिजलेली हळद काळवंडते आणि व्यापारी तिला हात लावत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, ती काका अजून तारीखवार सांगतात. मी असताना आकाश निळंशार होतं, तरी ते दर तासाला फोनवर हवामानाचा अंदाज बघत होते. आपण पगाराचा एसएमएस बघतो ना, तसा.

शेताच्या बांधावर वाळक्या पानांचा ढीग पडला होता. मी त्याच्यापाशी थबकले. आमचे बाबा मालवणचे. आमच्याकडे हळदीचं पान म्हणजे पातोळ्या. नागपंचमी जवळ आली की आई दादरला जाऊन एकेका जुडीसाठी घासाघीस करते. तांदळाचं पीठ पानावर थापायचं, त्यात गूळ-खोबरं, पान दुमडून वाफवायचं. पानाचा वास पातोळीत उतरतो, आणि पान फेकून द्यायचं. मावशीला सांगितलं तर ती बघतच राहिली. ‘‘पानात काय ठेवलंय? आमी तर रानातच सोडतो.’’ आई तीस वर्षं ठाण्यात पातोळ्या करते आणि बहिणीला ही गोष्ट ठाऊक नाही! ‘‘श्रावणात हिरवी पानं असतात का?’’ ‘‘असतात म्हणजे? माणूस दिसत नाही शेतात.’’

मावशीच्या स्वयंपाकात मात्र हळद दिसते कमी आणि असते सगळ्यात. पिठल्यात, फोडणीच्या मिरचीत, येसराच्या आमटीत. ओल्या हळदीचं लोणचं, आलं-लिंबू घालून, पहिल्यांदा तिच्याकडेच खाल्लं. किसलेली केशरी हळद, करकरीत, किंचित कडू. पण तिचा हात बघा. चारपाच माणसांच्या वरणाला अर्धा चमचा, बस. ज्यांच्या खळ्यावर हळदीचे डोंगर, त्यांच्या डब्यातला चमचा एवढासा. ‘‘जास्त घातली की कडू होतं, बाई,’’ इतकंच तिचं म्हणणं. हा अर्धा चमचा मी डोक्यात नोंदवून ठेवला.

मोंढ्यातला आवाज

तिसऱ्या दिवशी काकांबरोबर नांदेडच्या मोंढ्यात गेले. मोंढा म्हणजे आपली मार्केट यार्ड. मराठवाड्यात हळदीच्या बाजाराची तीन मोठी नावं, नांदेड, हिंगोली आणि वसमत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी वर्ध्याच्या वायगावच्या आणि सांगलीच्या हळदीला मिळालं होतं. वसमतला हळदीचं खास संशोधन केंद्रही २०२२ मध्ये मंजूर झालं. गोदावरीपलीकडे तेलंगणातल्या निजामाबादला जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं. एकूण काय, आपण शहरात ज्या पिकाला ‘आजीबाईचा बटवा’ म्हणतो, त्यावर इकडे अख्खे जिल्हे उभे आहेत.

मोंढ्यात मला जे आवडलं ते म्हणजे आवाज. व्यापारी पोत्यातून एक कांडी काढतो आणि कटकन मोडतो. नीट वाळलेली असेल तर खणखणीत आवाज येतो, जवळजवळ धातूचा. मग मोडलेला भाग डोळ्यांजवळ नेतो. आतला रंग गडद नारिंगी असला की मान डोलते. बाहेरून कांडी कशी दिसते याला तो फार भाव देत नाही, कारण बाहेरचं पॉलिश ड्रममध्ये फिरवून होतं. एका अडत्या काकांनी मला एक कांडी मोडून दिली. ‘‘तुमी लोक पूड घेता आणि पिवळा रंग बघता. आमी पूड कधीच घेत नाही. पुडीत आवाज कुठून ऐकणार?’’

हे वाक्य गमतीचं वाटतं, पण त्याच्यात बरंच काही आहे. चांगली शुद्ध हळद दिसायला तितकी झगमगीत नसते. आपल्याला मात्र हायलायटर पेनसारखा पिवळा हवा असतो. म्हणून भेसळवाल्यांचं फावतं. मेटॅनिल यलोसारखा रंग, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचं संयुग. बांगलादेशात २०१९ मध्ये संशोधकांनी याचा माग काढला, तेव्हा त्याची सुरुवात १९८० च्या दशकातल्या एका पुराशी जोडलेली निघाली. पुरात हळद भिजली, रंग गेला, ती खपवायला लोकांनी त्यात रंग मिसळला. काकांचं आकाशाकडे बघणं मला तेव्हा नीट कळलं. बांगलादेश सरकारने पुढे धाडी घातल्या, लोकांना सांगितलं. बाजारातल्या नमुन्यांत २०१९ मध्ये ४७ टक्क्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये एकातही नाही. म्हणजे मनावर घेतलं तर होतं!

घरच्या घरी बघायचं असेल तर आपल्या एफएसएसएआयने सांगितलेली साधी युक्ती आहे. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका. शुद्ध हळद तळाशी बसताना पाणी फिकट पिवळं करते. पाणी एकदम गडद पिवळं झालं तर दुकान बदला. शिशाचा छडा मात्र प्रयोगशाळेतच लागतो. पुडीतली भेसळ टाळायचा सोपा उपाय म्हणजे अख्खी कांडी घ्या आणि दळून आणा.

भावाचं काय? २०२० मध्ये इकडे क्विंटलला पाच-सहा हजार मिळाले तरी लोक गप्प बसत. २०२३ च्या उन्हाळ्यानंतर तोच भाव पंधरा हजारांवर गेला. मी काकांना बाटलीची किंमत सांगितली. ते मोबाइलवर गणित मांडायला लागले. साठ कॅप्सूल, प्रत्येकीत पाचशे मिलिग्रॅम अर्क, अर्कात ९५ टक्के करक्युमिन. साध्या हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के धरलं तर अख्ख्या बाटलीतलं करक्युमिन म्हणजे जवळपास किलोभर हळद. चढ्या भावाने काकांच्या हातात त्याचे दीडशे रुपये. पडत्या भावाने पन्नास-साठ. बाटली साडेबाराशेला! आता अर्क काढायला, पॅकिंगला खर्च असतो, मान्य आहे. काका चिडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘किलोभर? एका महिन्यात? एकटा माणूस?’’

मी जागेवरच थांबले. पैशांचं गणित करायला गेलो आणि भलतंच उत्तर हाती आलं.

लातूरला, ताईकडे

हे उत्तर घेऊन मी एसटीने लातूर गाठलं. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. वाटेत माळेगाव लागतं, जिथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, घोडे, गाढवं, तमाशाचे फड आणि भंडाऱ्याने पिवळे झालेले लोक. कंडक्टर म्हणाले, ‘‘यात्रेत आला असता तर हळदीतच आंघोळ झाली असती, मॅडम.’’

लातूरचा बाजार हळदीचा नाही, तुरीचा आणि सोयाबीनचा. डाळमिलांचं गाव. पण विचार करा, लातूरची तूरडाळ आणि नांदेडची हळद, यांच्यामध्ये जेमतेम चार तासांची एसटी. आपलं वरण म्हणजे हा एवढा रस्ता! गंजगोलाईत एका चक्राला सोळा रस्ते येऊन मिळतात. मी त्यातल्या तीन रस्त्यांवर चुकले आणि चौथ्यावर मला माझी मावसबहीण भेटली. ताई इथे आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते.

मला वाटलं होतं, ताई हळदीची बाजू घेईल आणि डॉक्टरांना नावं ठेवेल. तिने बाबांची सगळी औषधं विचारली, कॅप्सूलचं लेबल माझ्या फोनवर मोठं करून वाचलं आणि कपाळाला हात लावला. ‘‘अगं, ही हळद नाहीये. हा हळदीतला एक पदार्थ आहे, पिळून काढलेला.’’ तिने कपाटातून आयुर्वेदाच्या सरकारी औषधसंहितेचा खंड काढला. हरिद्रेची मात्रा, चूर्ण १ ते ३ ग्रॅम. दिवसाला. तेही तूप, मध, दूध यांच्याबरोबर, माणूस बघून, आजार बघून. अंगावर पित्त उठलं की हरिद्राखंड, प्रमेहात आवळ्याबरोबर हळद, मुका मार लागला की आंबेहळदीचा लेप. ‘‘आमच्या शास्त्रातसुद्धा ‘घ्या आणि रोज दोन गिळा’ असं कुठे लिहिलेलं नाही.’’

आता बघा. पाचशे मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे पावणेपाचशे मिलिग्रॅम करक्युमिन, म्हणजे साधारण सोळा ग्रॅम हळद. छोटे पाच चमचे. बाबा रोज दोन घ्यायचे. दहा चमचे! जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने करक्युमिनची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत ठरवली आहे. बाबांचं वजन पासष्ट. म्हणजे दोनशेच्या आत. मी त्यांना साडेनऊशे देत होते, प्रेमाने.

आणि मिरी. करक्युमिन शरीरात फारसं शोषलं जात नाही, यकृत ते पटकन बाहेर घालवतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतलं पायपरिन बरोबर दिलं तर माणसाच्या रक्तात ते कितीतरी पट जास्त पोहोचतं. आपल्या फोडणीत तेल असतं, मसाल्यात मिरी असते, हे छानच. पण दहा चमच्यांबरोबर तीच मिरी म्हणजे दार सताड उघडं टाकण्यासारखं. शिवाय पायपरिन इतर औषधांचं शोषणही बदलू शकतं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने हळद-करक्युमिनच्या अशा गोळ्यांनी यकृताला इजा होण्याची जोखीम असल्याचा इशारा दिला. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल तो इशारा नव्हता.

मग हळदीत औषध आहे की नाही? आहे, पण जाहिरातीएवढं सिद्ध झालेलं नाही. थायलंडमध्ये २०१४ साली ३६७ रुग्णांच्या चाचणीत गुडघेदुखीवर हळदीचा अर्क आयब्युप्रोफेनच्या तोडीस उतरला. दुसरीकडे २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने करक्युमिनवरचे प्रयोग तपासले आणि चांगल्या पद्धतीने केलेली एकही चाचणी निर्विवाद यशस्वी झाली नाही, असा निष्कर्ष काढला. आणि आपल्या डॉक्टर रघुनाथ माशेलकरांची ती प्रसिद्ध लढाई आठवते? मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. सीएसआयआरने जुने ग्रंथ, जुने शोधनिबंध पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ती लढाई आपण जिंकलो ती ‘हे आम्हाला आधीपासून माहीत आहे’ या मुद्द्यावर. आजीला जे माहीत होतं ते चिमूटभराचं होतं, हे आपण नंतर विसरलो. ताई म्हणाली, ‘‘आपण नाही, तू विसरलीस.’’ सख्खी मावसबहीण अशीच बोलते.

जेवायला तिने आमटी-भात केला. ‘‘वेळ अमावस्येला ये,’’ तिचा आग्रह. लातूर-धाराशिवकडची ही येळवस. अख्खं शहर शेतात जातं, बाजार बंद, ऑफिसं ओस. शेतात बसून भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. भज्जी म्हणजे ओली तूर, हरभरा, पालेभाज्या, चिंच आणि बेसन एकत्र शिजवलेली पिवळी धमाल. तुम्हालाही जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत ही अमावस्या गाठा, आदल्या दिवशी माळेगावची यात्रा सुरू झालेली असते. शिजवणी बघायची असेल तर मात्र फेब्रुवारी-मार्च. पांढरे कपडे नेऊ नका. डाग पडलाच तर साबण लावून घाबरू नका, तो लाल होतो. धुऊन उन्हात टाका, ऊन हळद खातं.

लातूर एक्सप्रेसने परतले तेव्हा माझ्या बॅगेत तीन किलो कांडी होती आणि तळवे पिवळे. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये संपादिकेने हात बघून किंचाळून अभिनंदन केलं. गैरसमज दूर करायला वीस मिनिटं गेली. पेमेंटचा विषय राहूनच गेला.

घरी बाबांना मी भाषण दिलं नाही. ते बँकेतून रिटायर झालेत, आकड्यांशिवाय त्यांना काही पटत नाही. मी जुन्या कॅलेंडरची मागची बाजू आणि पेन पुढे ठेवलं. तीन टक्के. पाचशेचे ९५ टक्के. मावशीचा अर्धा चमचा, भागिले घरातली माणसं. त्यांनी स्वतः हिशेब मांडला, एकदा तपासला, चष्मा पुसून पुन्हा तपासला. वरणातून त्यांच्या वाट्याला रोज येणारं करक्युमिन निघालं पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास. कॅप्सूलमधलं साडेनऊशे. बराच वेळ ते कागदाकडे बघत बसले.

‘‘ही चूक तुझी एकटीची नाही,’’ ते म्हणाले. ‘‘लेबल मलाही वाचता येतं.’’

मग पिशवीतून एक कांडी काढून त्यांनी मोडायचा प्रयत्न केला. मोडेना. मी दाखवलं, टोकाला अंगठा लावून. कटकन आवाज आला. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, ‘‘काय फुटलं?’’

रविवारी आई गिरणीतून हळद दळून घेऊन आली. दुपारी वरण पिवळं झालं, हायलायटरसारखं नाही, थोडं मातकट पिवळं. बाबांनी दोनदा घेतलं. रात्री मावशीचा फोन आला. औंदा भाव बरा निघेल असं वाटत होतं, पण संध्याकाळपासून पश्चिमेला ढग आलेत. अर्धी हळद अजून खळ्यावर आहे, काका ताडपत्र्या ओढायलेत. आणि हो, पानं श्रावणात पाठवते, किती पाहिजेत ते आईला विचारून सांग.